परक्या देशाचा भाव

ठोंब्याला इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून काढून टाकलं त्याला बरेच महिने लोटले होते आणि तो अजून बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत पडून होता. ठोंब्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी एकदा कॉम्प्युटरसमोर बसला की हाका मारून घसा कोरडा पडला तरी तो जागचा हलायचा नाही, म्हणून आईने ते ठेवलं, आणि आता चाळिशी आली तरी घरात तेच चालू होतं.

रक्त तपासणं हे त्याचं काम. एक दिवस दोन पेशंटच्या नळ्यांची अदलाबदल झाली आणि एका बाईला नको ते औषध सुरू झालं. ती वाचली, पण कुणाला तरी जावं लागणारच होतं. "माझ्याच हातून झालं असेल," तो बहिणीला एकदा म्हणाला, "किंवा नसेलही. आता मलाच सांगता येत नाही." मात्र ज्या दिवशी काढलं त्या दिवशी तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन घसा फाटेस्तोवर ओरडला होता, आणि निघताना काचेचं दार असं आपटलं की त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. हे सगळ्या इस्पितळाने पाहिलं.

बहिणीला सगळेच ताई म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिथेही ती ताईच. तिचा नवरा वजनमाप निरीक्षक होता. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, खोटं माप सापडलं की दंड ठोकायचा. ज्या दुकानाचा काटा तपासला तिथलं पाणीसुद्धा तो प्यायचा नाही. भाजीवालीने मूठभर कोथिंबीर वर टाकली तर तो ती परत ठेवायला लावायचा आणि ताईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यासमोर चूक कबूल करण्यापेक्षा दात उपटून घेणं सोपं, असं ताई भावाला म्हणायची.

दोघा भावंडांना खेळाचं वेड होतं. एकाच कीबोर्डवर, डावी बाजू तिची आणि उजवी त्याची, असं करत ते वाढले. त्यांच्या आवडत्या खेळाचा नवा भाग येणार अशी बातमी आली तेव्हा ठोंब्या कितीतरी दिवसांनी उठून बसला. मग त्याने भाव पाहिला आणि पुन्हा आडवा झाला.

"राहू दे," तो म्हणाला. "कमावत नाही त्याने खेळूही नये."

हे वाक्य ताईला झोंबलं. दुकानात तिने ते काउंटरवर बसणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं. काउंटरवालीला जगातल्या सगळ्या सवलती पाठ.

"एवढे पैसे कशाला मोजतेस?" ती म्हणाली. "तोच खेळ दुसऱ्या देशात तिसऱ्या हिश्श्याने मिळतो. तिथल्या लोकांना परवडावं म्हणून कंपनी तिथे भाव कमी ठेवते."

"मग त्या देशात जाऊ की काय?"

"जायचं नाही. गेलोय असं दाखवायचं. व्हीपीएन टाक फोनवर. तू बसलेली इथेच, पण तुझं इंटरनेट तिकडच्या दारातून बाहेर पडतं. दुकानाला वाटतं तू तिकडचीच."

"आणि पैसे?"

"त्या देशाचं गिफ्ट कार्ड मिळतं ऑनलाइन. त्याचा नंबर टाकायचा. अगं, अर्धं जग करतं हे!"

जेवणाच्या सुट्टीत दोघींनी मिळून एक व्हीपीएन फोनवर उतरवलं. फुकटचं. अटींचं लांबलचक पान आलं, ते दोघींपैकी कुणीही वाचलं नाही. घरी गेल्यावर ताईने तेच ठोंब्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरही टाकलं, पडद्यावरच्या नकाशात एका लांबच्या देशावर टिचकी मारली, आणि पाहता पाहता खेळाचा भाव उतरला. गिफ्ट कार्डाचा नंबर टाकून तिने तो आपल्या खात्यावर घेतला. तिची छाती धडधडत होती, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

"यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली.

"भावोजींना? मला काय जीव नकोसा झालाय?" ठोंब्या हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

त्यानंतरचे काही आठवडे चांगले गेले. ठोंब्या सकाळी उठायला लागला, दाढी करायला लागला. संध्याकाळी ताई दुकानातून आली की दोघं बसायचे. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचा आणि मधूनच म्हणायचा, "घोडी झालात आता दोघंही." पण त्याच्या आवाजात राग नसायचा.

*

पोलीस आले ते सकाळी, डबे भरायच्या वेळी. साध्या कपड्यातल्या एक अधिकारी बाई, खांद्याला बॅग लावलेला एक तंत्रज्ञ, आणि दारात उभा राहिलेला एक गणवेशातला शिपाई.

"इथलं इंटरनेट कुणाच्या नावावर आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या," नवरा म्हणाला. "बिल वेळच्या वेळी भरलेलं आहे."

"बिलाचा प्रश्न नाही. या जोडणीवरून एका इस्पितळाच्या प्रमुखांना धमक्या गेल्यात." बाईंनी फोन काढला आणि सपाट आवाजात वाचून दाखवलं, "'मुलीला शाळेत सोडायला निळी गाडी घेऊन जातोस ना? एक दिवस ती गाडी परत येणार नाही.' अशा तीन आहेत. तिन्ही या घरातून."

ताईच्या हातातलं डब्याचं झाकण घरंगळत ओट्याखाली गेलं. मागच्या खोलीच्या दारात ठोंब्या उभा होता, गळ्यात टॉवेल.

"मोठ्या डॉक्टरांना?" तो म्हणाला.

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. ते इस्पितळ कोणतं, हे त्यांनी अजून सांगितलेलं नव्हतं. पण ठोंब्याला मोठे डॉक्टर एकच माहीत होते, आणि त्यांची गाडी निळी होती.

"तुम्ही तिथे कामाला होतात ना?" बाई म्हणाल्या. "दार तुम्हीच फोडलंत."

"फुटलं नाही. तडा गेला."

असल्या वेळी असली दुरुस्ती करू नये, पण तो तसाच होता.

तंत्रज्ञाने कॉम्प्युटरच्या वायरी काढायला सुरुवात केली. बाईंनी तिघांना बाहेरच्या खोलीत बसवून प्रश्न विचारले. कोण किती वाजता घरात असतं, कोण काय वापरतं. मग विचारलं, "घरात कुणी व्हीपीएन वापरतं?"

"ते काय असतं?" नवऱ्याने विचारलं.

"आपण असायचं एका देशात आणि दाखवायचं दुसऱ्याच देशात. लपवाछपवीसाठी वापरतात बरेच जण."

"खोटं माप," नवरा म्हणाला. "आमच्या घरात असलं काही नाही." आणि त्याने ताईकडे पाहिलं, तिने मान डोलवावी म्हणून.

ताईच्या डोक्यात त्या क्षणी धमक्या नव्हत्याच. तिला दिसत होता तो खेळाचा उतरलेला भाव, खोटा देश, आणि हे सगळं नवऱ्यासमोर पोलिसांना सांगायचं. व्हीपीएनचा आणि धमक्यांचा काही संबंध असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही वापरत."

ठोंब्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो खाली फरशीकडे पाहायला लागला.

बाईंनी त्याला चौकशीसाठी म्हणून सोबत नेलं. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं झालेलं होतं.

*

दुपारपर्यंत तो आला नाही. ताईने दुकानात रजा टाकली. नवराही कामावर गेला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

"तो असं करणार नाही," ताई म्हणाली.

"माझी सगळी नोकरी याच वाक्यावर चालते," नवरा म्हणाला. "ज्याचं वजन खोटं निघतं तो प्रत्येक जण म्हणतो, मी असं करणार नाही."

"तो माझा भाऊ आहे!"

"म्हणूनच तुला काटा दिसत नाहीये. मी ठेवून घेतलं त्याला, एका शब्दाने बोललो नाही. पण घरातून धमक्या गेल्यात. मी पाठवल्या नाहीत. तू पाठवल्या नाहीस. मग उरलं कोण?"

 ताईला नको ते आठवत होतं. काढून टाकल्यानंतरच्या आठवड्यात ठोंब्या जेवता जेवता म्हणाला होता, "भीती म्हणजे काय ते त्यांनाही एकदा कळायला पाहिजे." तेव्हा तिने ते कानाआड केलं होतं. आता ते वाक्य कानातून जाईना.

कपडे द्यायच्या निमित्ताने तिला त्याला भेटू दिलं. पोलीस ठाण्याच्या लांबट बोळात, भिंतीला लावलेल्या बाकावर तो बसला होता. पट्टा काढून घेतल्यामुळे एका हाताने पॅन्ट धरून.

ती शेजारी बसली. थोड्या अंतरावर शिपाई उभा होता. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"तू केलंस का रे?"

"नाही," तो म्हणाला.

"खरं सांग. मी काही रागावणार नाही. खरं असेल तर आपण वकील बघू, पण मला तरी—"

"ताई, नाही म्हणालो ना."

"मग घरातून गेल्या कशा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. असं त्याने तिच्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. रागाने नाही, ओळख विसरल्यासारखं. मग त्याने कपड्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. 

ती उठून आली तर अधिकारी बाईंनी तिला आणि नवऱ्याला आत बोलावलं.

"कॉम्प्युटरवर व्हीपीएन सापडलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर नाही म्हणालात."

नवरा ताठ झाला. 

"तुमच्या भावाला विचारलं. तो म्हणतो मीच टाकलं, घरात कुणाला माहीत नव्हतं. कशाला टाकलं ते सांगत नाही." बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "आम्हाला दिसतंय ते साधं आहे. माणूस लपण्यासाठी व्हीपीएन वापरतो. तीन वेळा चालू करायला विसरतो. विसरलेल्या वेळीच सापडतो. तपासणीच्या प्रयोगशाळेत कामं तुंबलीत, कॉम्प्युटरचा अहवाल यायला वेळ लागेल. तोवर त्याला इथेच ठेवायची परवानगी आम्ही मागणार आहोत."

'मीच टाकलं.' ताईला ते शब्द समोर लिहिल्यासारखे दिसले. तिने त्याला बोळात तो प्रश्न विचारला, त्याच्या आधीच त्याने तिचं खोटं आपल्या अंगावर घेतलेलं होतं. आणि तरीही तो तिला बोलला नव्हता.

आता सांगायचं. ताबडतोब. तिने तोंड उघडलं. शेजारी नवरा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच:

"त्याला जेवायला दिलंय का?"

*

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, कारण घरात बसवेना. काच घासताना दोनदा हात चुकला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची काच वाया गेली. मालक काही बोलले नाहीत; बातमी तिथेही पोचली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन पाहिला. खेळांच्या दुकानाचा संदेश होता: तिचं खातं बंद केलंय. कारण, संशयास्पद व्यवहार.

"सापडलो," ती काउंटरवालीला म्हणाली. एवढ्या मोठ्या संकटात हे म्हणजे बुडत्याच्या अंगावर तांब्याभर पाणी. तिने मोबाईल उलटा ठेवला. मग पुन्हा उचलला. भाऊ कोठडीत आहे आणि तो सुटला की त्याला खेळायला काय देणार, असा एक वेडगळ विचार तिच्या मनात आला. तिने मदतीच्या खिडकीत लिहिलं, माझं खातं का बंद केलं?

"नमस्कार! आज मी आपली काय मदत करू शकतो?" पलीकडून कुणीतरी लिहिलं आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. थोडा वेळ गेला. "आपल्या घरच्या जोडणीवरून गेल्या काही दिवसांत पुष्कळ वेगवेगळ्या खात्यांनी खरेदी केली आहे. ही सगळी खाती आपली आहेत का?"

"नाही. माझं एकच खातं आहे."

"ही खाती वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची आहेत. आपण राहता त्या देशात असल्याचं दाखवून त्यांनी खरेदी केली."

ताईला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. "आमच्या देशात कशाला? इथे तर महाग आहे."

"आपल्या देशापेक्षाही महाग देश आहेत," पलीकडच्याने लिहिलं. या वेळी हसरा चेहरा नव्हता. "आपण एखादं मोफत व्हीपीएन वापरता का?"

ताईने शेजारी बसलेल्या काउंटरवालीकडे पाहिलं.

"काही मोफत व्हीपीएन आपल्याला दुसऱ्याची जोडणी वापरायला देतात आणि त्या बदल्यात आपली जोडणी दुसऱ्यांना वापरायला देतात. मग ते लोक जे काही करतील ते आपल्या घरातून केल्यासारखं दिसतं. ते त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. आणखी काही मदत हवी आहे का?"

ताईने ते दोनदा वाचलं. जे काही करतील ते. आपल्या घरातून केल्यासारखं. तिच्या पायाखालची जमीनच सरकली, आणि त्याच वेळी छातीवरचा एक धोंडा उठला. तो धोंडा भावाबद्दलच्या संशयाचा होता, आणि तो किती जड होता हे उठल्यावर कळलं.

"काय गं?" काउंटरवालीने विचारलं.

ताईने फोन तिच्यापुढे धरला. काउंटरवालीने वाचलं, आणि मग स्वतःचा फोन काढून घाईघाईने काहीतरी पुसायला लागली.

*

सरळ पोलीस ठाण्यात जायचं म्हणून ती निघाली, पण पाय वळले बाजाराकडे. नवरा तिथे एका धान्याच्या दुकानात होता. घरात बसून भिंती खायला उठतात म्हणून तोही कामावर आला होता. एका पारड्यात त्याने आपली पितळी वजनं ठेवली होती आणि काटा स्थिर व्हायची वाट पाहत होता. दुकानदार शेजारी हात चोळत उभा.

"अहो," ताई म्हणाली. "ते व्हीपीएन मी टाकलं."

त्याने काट्यावरची नजर हलवली नाही. "काय?"

"खेळ स्वस्तात मिळावा म्हणून. दुसऱ्या देशात आहे असं दाखवलं. ठोंब्याने नाही, मी. पोलिसांना नाही म्हणाले ती तुम्ही समोर होतात म्हणून. तो माझ्यासाठी खोटं बोलतोय." आणि मग तिने फुकटच्या व्हीपीएनचं सगळं सांगितलं, दुकानदारासमोरच, एका दमात.

काटा थांबला. नवऱ्याने तो वाचला, दुकानदाराला म्हणाला, "बरोबर आहे तुमचा," आणि एकेक वजन उचलून मखमलीच्या खणात ठेवायला लागला. 

"मी समोर होतो म्हणून," तो म्हणाला.

"हो."

"मी इतका वाईट आहे?"

"वाईट नाही. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे..." तिला पुढचा शब्द सापडला नाही.

त्याने पेटी बंद केली. "बोल मला काय ते नंतर. किंवा मीच बोलेन. आधी चल."

ठाण्यात अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यामुळे ताईला जास्तच भीती वाटत होती. तिने खेळाच्या दुकानाचा संवाद दाखवला. बाईंनी तो वाचला आणि तंत्रज्ञाला हाक मारली.

"हे सगळं शक्य आहे," बाई म्हणाल्या. "पण आज मी तुम्हा दोघांना बोलावणारच होते. आज सकाळी आणखी एक धमकी गेली. तुमच्याच घरातून."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुमचा भाऊ इथे होता. कॉम्प्युटर आमच्या कपाटात आहे. मग सकाळी घरात कोण होतं?"

"आम्ही दोघं," नवरा म्हणाला. मग त्याला आपण काय म्हणालो ते कळलं. "म्हणजे आता आम्ही आरोपी?"

"तुम्हीच सांगा. मगाशी या म्हणाल्या मी खोटं बोलले. काल भाऊ खोटं बोलला. घरात खरं बोलणारे तुम्ही एकटेच दिसता, आणि जोडणी तुमच्या नावावर आहे."

 आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासणारा माणूस पहिल्यांदाच पारड्यात बसला होता.  ज्या एका काडीचा आधार धरून ताई आली होती तीच उलटून तिच्या हातावर बसली होती. कॉम्प्युटर इथे, मग घरातून जाईल कसं?

"ताई," तंत्रज्ञ पहिल्यांदाच बोलला. "ते फक्त कॉम्प्युटरवरच टाकलं होतं? फोनवर नाही?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. दुकानातली जेवणाची सुट्टी, काउंटरवालीचं बोट, अटींचं लांबलचक पान.

"आधी फोनवर टाकलं होतं," ती म्हणाली. "विसरूनच गेले मी. सकाळी ओट्यावर चार्जिंगला होता."

तंत्रज्ञाने फोन मागितला, त्याला एक वायर जोडली आणि आपला लॅपटॉप टेबलावर सगळ्यांना दिसेल असा वळवला. पडदा रिकामा होता. सगळे पाहत राहिले. बाहेर कुणीतरी मोठ्याने सायकल हरवल्याची तक्रार सांगत होतं. पडदा रिकामाच. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नवऱ्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब ओघळला आणि त्याने तो पुसला नाही.

मग एक ओळ उमटली. मग दुसरी. मग भराभर, एकाखाली एक. फोन टेबलावर निपचित पडला होता, त्याला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं.

"हे बुटांचं दुकान," तंत्रज्ञ वाचायला लागला. "ही कुठलीशी बँक. हे पुन्हा तेच खेळांचं दुकान. हा कुणीतरी कुणालातरी शंभर मेल पाठवतोय."

"हे सगळे आमच्या घरात होते?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या नावाने बाहेर पडत होते. धमक्या देणाऱ्याला याच गावातलं दार हवं असणार, फुकटात मिळालं ते नेमकं तुमचं."

बाईंनी पडद्यावरच्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या. मग उठल्या आणि ताईसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द टोचेल असा.

"काल सकाळी मी एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्ही हो म्हणाला असतात, तर तुमचा भाऊ रात्री घरी झोपला असता, आणि त्या डॉक्टरांच्या मुलीने आज शाळा बुडवली नसती. आम्ही चुकीच्या माणसाशी खेळत बसलो आणि खरा मोकळा राहिला. खोटं बोलल्याबद्दल तुमच्यावर वेगळी कारवाई होईल."

"होऊ दे," ताई म्हणाली. ती मनापासून म्हणाली.

*

ठोंब्या दिवस मावळायच्या आत बाहेर आला. नवरा पायऱ्यांवर उभा होता. तो दोन पायऱ्या वर चढला आणि म्हणाला, "माझं चुकलं. मी तुलाच धरून चाललो होतो."

"भावोजी, तुमचं ठीक आहे," ठोंब्या म्हणाला. "तुम्ही मला तेवढं ओळखत नव्हता."

ताई मागेच उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी तिने त्याची माफी मागितली. एकदा स्वयंपाकघरात, एकदा त्याच्या खोलीच्या दारात. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "विचारलंस त्याचं काही नाही गं. माझ्या तोंडात असली भाषा येते, मला माहीत आहे. पण मी नाही म्हणालो, आणि तू म्हणालीस खरं सांग." त्याने वळून खिडकी लावून घेतली. "इस्पितळातही असंच चाललं होतं. मी काहीही सांगितलं की लोक म्हणायचे, खरं सांग. घरात तरी नको होतं."

ती तिथेच उभी राहिली. 

खऱ्या माणसापर्यंत पोचायला पोलिसांना बरेच महिने लागले. तो कुठला, कोण, हे त्यांनी या घराला सांगितलं नाही. ताईला दंड झाला, तो तिने भरला. नवऱ्याने बोलायचं ते बोलून घेतलं; तीन संध्याकाळी बोलला आणि चौथ्या संध्याकाळी, आपण घरातल्या माणसांनाही दुकानदारासारखे वागवतो का, असं विचारलं. ताई म्हणाली, "कधीकधी."  मग मात्र त्याने खेळांच्या दुकानाला स्वतः पत्र लिहिलं, की आमच्याकडून कमी रक्कम दिली गेली, फरक भरून घ्यावा. उत्तर आलं की खातं कायमचं बंद झालं आहे आणि बंद खात्यावर फरक भरून घेण्याची सोय आमच्याकडे नाही. त्याने पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा तेच कळवलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. आजही हा विषय निघाला की तो चिडतो. "पैसे घ्यायचीसुद्धा सोय नाही! हा कसला धंदा?"

ठोंब्याने काम शोधलं. इस्पितळात नाही, जनावरांच्या दवाखान्यात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथेच जवळ खोली घेतली. सामान हलवलं त्या दिवशी ताईला त्याने वर येऊ दिलं नाही, जिना अरुंद आहे म्हणाला. नवऱ्याला मात्र येऊ दिलं. दोघं कपाट चढवताना एकमेकांवर ओरडत होते, आधी पाय, नाही आधी डोकं, आणि ताई खाली गाडीजवळ उभी राहून ऐकत होती.

पुढे तो फोन करायचा नाही. तीच करायची, आणि तो "हं", "बरं", "जेवलो" एवढं बोलून ठेवून द्यायचा. ती तरी करत राहिली.

एक दिवस दुपारी तिच्या हातात काच असताना फोन वाजला. त्याचा होता. तिने काच घासायचं यंत्र बंद केलं.

"आज घोड्याचं रक्त आलं होतं," तो म्हणाला. "नळी एवढी मोठी. मालक नळीवर नाव लिहितो, घोड्याचं नाही, स्वतःचं. मी तीनदा विचारलं, आजारी नक्की कोण आहे?"

ती हसली. तोही जरासा हसला असावा.

"अजून राग आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"बरं."

"जातच नाहीये, ताई. मी प्रयत्न करतो." मागे कुठेतरी कुत्रं भुंकलं, कुणीतरी त्याला हाक मारली. "थांब, आलो. ऐक, रविवारी मोकळे आहात का तुम्ही दोघं? मी येतो जेवायला. जास्त काही करू नकोस."

"ये," ती म्हणाली. त्याने फोन ठेवला. काउंटरपलीकडे गिऱ्हाईक डोळे बारीक करून तिच्याकडे पाहत उभं होतं, आणि तिने यंत्र पुन्हा चालू केलं.